फरशीच्या फटीतलं तण आणि सासूबाईंच्या दुर्वा

अक्का, नमस्कार.

आमचं घर बेळगावात अनगोळला, सासऱ्यांनी बांधलेलं जुनं. पुढच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. गेटपासून गाडी लावायच्या जागेपर्यंत तीन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक घातलेत, आणि मागं आडापर्यंत जांभ्याच्या चिऱ्यांची पायवाट आहे. पाऊस सुरू झाला की सगळ्या फटींतनं तण उगवतंय. दर पंधरा दिवसांनी बसून उपटते, परत तेवढंच. गेल्या आठवड्यात सासूबाई आडाजवळ शेवाळावरनं घसरल्या. हाड मोडलं नाही म्हणायचं, पण मनगट अजून सुजलेलं आहे. तेव्हापासून घरात रोज हाच विषय. मुलानं ग्लायफोसेट या तणनाशकाची बाटली आणून ठेवलीय. शेजारीण म्हणते जाड मीठ पसरा. गवंडी म्हणतो ॲसिड मारा, एका दिवसात साफ. हे म्हणतात सगळंच काँक्रीट करून टाकूया, कायमची कटकट जाईल. सासूबाई मात्र कशालाच हात लावू देत नाहीत. "दुर्वा उपटून टाकलीस तर गणपतीला काय बाजारातनं आणणार काय?" म्हणतात. गणपती तर तीन आठवड्यांवर आले. कुणाचं ऐकू?

– तुमची एक वाचक, अनगोळ

ताई,

पत्र वाचताना तणाच्या आधी आईंचं मनगटच डोळ्यांपुढं आलं. आठवडा झाला तरी सूज आहे म्हणता, तर एकदा एक्स-रे काढून घ्या. या वयात मनगटाचं हाड नुसतं तडकलेलं असलं तर बोटं हलतात, आणि आपण मुका मार समजून हळद लावत बसतो. हे आजच करा.

आणि काम सुरू करायचं ते आडाच्या वाटेपासून. तण चार दिवस थांबेल, शेवाळ थांबणार नाही.

शेवाळ आणि तण यांचं एकच औषध नसतं. शेवाळाला रुजायला फट लागत नाही, माती लागत नाही. सावली आणि सतत ओल मिळाली की ते दगडाच्या पाठीवरच पसरतं. चिरा तर मुळातच सच्छिद्र, पाणी पिऊन बसणारा. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. धुणं धुवायच्या दगडाचं पाणी वाटेवरून वाहतंय का, टाकी भरून सांडते का, फणसाची नाहीतर आंब्याची फांदी वाटेवर टेकलीय का. पाण्याला बाजूनं एक चर काढून द्या आणि फांदी छाटून दुपारचं ऊन वाटेवर पडू द्या. एवढ्यानं निम्मं शेवाळ पुढच्या वर्षी येणारच नाही.

आत्ता जे आहे ते खरवडायचं. पावसाची उघडीप मिळाली की वाटेवर मूठ मूठ जाड वाळू टाका आणि तारेच्या ब्रशनं किंवा खराट्याच्या झिजलेल्या बुडख्यानं घासा. वाळूच घासायचं काम करते. निघालेला हिरवा गाळ बुट्टीत भरून बाहेर न्या, नुसता बाजूला लोटला तर पुढच्या सरीबरोबर परत वाटेवर येतो. फारच बुळबुळीत असेल तर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी दहा मिनिटं ठेवून मग घासा, आणि धुतलेलं पाणी आडाच्या उलट्या दिशेला, तुळस-जास्वंदीपासून लांब काढा. पण एक गोष्ट गाठ मारून ठेवा: जिथं ब्लीचिंग पावडर टाकलीय तिथं ॲसिड चुकूनही पडता कामा नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. नाका-घशाची आग होते, छाती भरते, माणूस दवाखान्यात जातो. न्हाणीघरात तर हे फारच वाईट.

घासून झालं की चिऱ्यांना टाकी मारून घ्या, म्हणजे छिन्नीनं बारीक खाचे पाडून घ्या. पाट्याला टाकी लावतात तशीच. वर्षानुवर्षं पाय पडून चिऱ्याची वरची बाजू गुळगुळीत झालेली असते. टाकीनं ती खडबडीत झाली की ओल्यातही पाय धरतो. एखादा चिरा फारच झिजला असेल तर तो उचलून उलटा बसवा, खालची बाजू अजून कोरी असते. आणि आडाच्या बाजूला कमरेच्या उंचीवर एक जस्त चढवलेला लोखंडी (जीआय) पाइप बसवून घ्या, आईंना धरायला. गवंड्याला ॲसिड मारायला सांगण्यापेक्षा हे काम सांगा.

आता मुलानं आणलेल्या बाटलीचं.

ग्लायफोसेट काम करत नाही असं मी म्हणणार नाही. ते पानांतून आत शिरतं आणि मुळापर्यंत पोचतं, म्हणून शेतात ते हरळीवर, म्हणजे आईंच्या दुर्वांवरच, मारतात. पण शेत आणि तुमचं अंगण यात मोठा फरक आहे. मातीवर पडलेलं ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून राहतं. दगडावर चिकटायला माती कुठली? पाऊस आला की ते धुवून जातं, उताराकडं. आणि तुमचा उतार आडाकडं आहे, असं तुमच्या पत्रावरूनच दिसतंय, नाहीतर तिथंच ओल आणि शेवाळ एवढं साचलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये ग्लायफोसेट 'माणसात बहुधा कर्करोग घडवणाऱ्या' द्रव्यांत घातलं. त्यावर जगभर वाद चालू आहेत, तो वाद मी इथं सोडवत नाही. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण करणाऱ्या प्रशिक्षित लोकांपुरता मर्यादित केला, हे तुमच्या मुलाला जरूर दाखवा. घरच्या अंगणात, बनियनवर, पाठीला पंप लावून मारायची ही गोष्ट नाही. बाटली उघडली नसेल तर दुकानात परत द्या. उघडली असेल तर झाकण घट्ट लावून, मूळ लेबलासकट, कुलपात ठेवा. दुसऱ्या बाटलीत ओतू नका आणि गटारात तर नकोच.

आणि दुकानदार बदली म्हणून पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक देऊ लागला तर हात जोडून नको म्हणा. त्याचा एक घोट जरी पोटात गेला तरी त्यावर उतारा नाही. खेड्यापाड्यांतली किती घरं त्यात बसली आहेत. ते घरात आणूच नये.

शेजारणीचं मीठ. मीठ टाकल्यावर तण जळतं, खरं आहे. पण मीठ तिथून जात नाही, नुसतं पसरतं. पावसात विरघळून तुळशीच्या, मोगऱ्याच्या मुळाशी जातं, आडाच्या पाण्यात उतरतं, आणि गेटच्या लोखंडाला, खांबाच्या सळ्यांना गंज चढवतं. चिऱ्याच्या पोटात शिरलेलं मीठ उन्हाळ्यात पांढरं होऊन वर येतं आणि दगडाचे पोपडे निघतात. वर्षभर तण नको म्हणून पुढची कितीतरी वर्षं तिथं काही न उगवणारी माती करून ठेवायची, हा सौदा मला पटत नाही.

ॲसिडबद्दल मला जरा जास्त बोलू द्या, कारण तुमच्या पुढच्या अंगणात शहाबादी आहे.

शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या खाणींवरून नाव पडलेली. ती चुनखडीचा दगड आहे. ओट्याला घालतो तो काळा कडप्पाही चुनखडीच. आणि चुनखडी आम्लात विरघळते, मग ते गवंड्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड असो की स्वयंपाकघरातलं व्हिनेगर. माझं म्हणणं पडताळायचं असेल तर कोपऱ्यातल्या एखाद्या फरशीवर लिंबाची फोड उपडी घालून रात्रभर ठेवा. सकाळी तिथं निस्तेज पांढरट गोल उठलेला असेल आणि तो पुसून जात नाही. गवंडी ॲसिड मारतो तेव्हा फेस येतो, आपल्याला वाटतं मळ निघतोय. फेस येतो तो फरशी विरघळत असल्याचा. एकदा ॲसिड खाल्लेली फरशी खरबरीत होते, मळ जास्त धरते, आणि फटीच्या कडा झिजून फट रुंद होते. म्हणजे तणाला जागा वाढते! पेव्हर ब्लॉकमधलं सिमेंटही ॲसिडनं असंच उघडं पडतं. व्हिनेगरनं तर नुसती पानं करपतात, मूळ जिवंत राहतं. तेव्हा इंटरनेटवर कुणी व्हिनेगर आणि मीठ आणि साबण सांगितलं तर तुमच्या अंगणापुरतं ते विसरून जा. हे उपाय जिथं निघाले तिथली फरशी वेगळी असेल, तिथं आडही नसेल.

तुमच्या यजमानांचा विचार मी समजू शकते. दर पंधरा दिवसांनी बायकोला ओणवं बसलेलं बघून कुणालाही वाटेल, टाकूया एकदाचं काँक्रीट. पण त्यांना म्हणावं, तीन-चार वर्षांत काँक्रीटला बारीक भेगा पडतात आणि त्या भेगेतली हरळी उपटायला फरशी उचलण्याचीही सोय राहत नाही. शिवाय अंगणातलं पाणी मुरायचं बंद झालं की ते रस्त्यावर जाणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात पाणी कुठं कुठं शिरलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि आड उन्हाळ्यात लवकर तळ गाठायला लागला की पस्तावा होतो. आडाभोवतीची मोकळी माती ही त्या आडाचीच शिदोरी आहे.

मग करायचं काय? त्यासाठी तण येतं कुठून ते बघू.

आपल्याला वाटतं तण फरशीखालून वर येतं. बहुतेक तण वरून येतं. वाऱ्याबरोबर, पाखरांच्या विष्ठेतून, गाडीच्या चाकाला लागून, चपलेच्या तळव्यातून बी येतं आणि फटीत पडतं. फटीत जोवर नुसती स्वच्छ वाळू असते तोवर त्याला फारसं काही मिळत नाही. पण दोन-तीन वर्षांत वाळू पावसानं धुवून जाते आणि तिच्या जागी धूळ, पाचोळा, तांबडी माती भरते. तुम्ही तण उपटता, पण फट तशीच मातीनं भरलेली ठेवता. म्हणून ते परत येतं. तुमच्या उपटण्यात काही चूक नाही, काम अर्धं राहतं एवढंच. तण काढल्यावर फट रिकामी करायची आणि दुसऱ्या कशानं तरी भरायची. हाच कायमचा उपाय, बाकी सगळे तात्पुरते.

पण फट भरायचं काम भर पावसात होत नाही. म्हणून आत्ता एक करा, दिवाळीनंतर दुसरं.

आत्ताचं काम भांगलणीचं. श्रावणात माती मऊ असते, मूळ सगळं निघतं. दिवसभर पाऊस पडून उघडीप झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी बसा. साधं खुरपं फटीत शिरत नाही, म्हणून जुन्या छत्रीची काडी किंवा एक वीतभर सळई घ्या, तिचं टोक लोहाराकडून चपटं आणि जरा वाकडं करून आणा. पाट बसायला घ्या, गुडघ्याखाली पोतं. एका दिवसात सगळं अंगण करायला जाऊ नका, रोज दोन-तीन ओळी करा. शक्य असेल तर शेतात भांगलायला जाणाऱ्या एखाद्या बाईला दोन दिवस बोलवा. तिचा हात ज्या सफाईनं मूळ धरून ओढतो तो आपल्याला आयुष्यभर यायचा नाही, आणि तिला त्या दिवसाचे पैसे मिळतात.

काय उपटताय ते ओळखा, कारण सगळ्यांची रीत एक नाही.

घोळ, नायटी, टाकळा हे एका हंगामाचे पाहुणे. फुलं येऊन बी धरायच्या आत काढले की संपले. घोळीचं एवढंच लक्षात ठेवा, की उपटून ओल्या जमिनीवर टाकली तर ती परत मूळ धरते, म्हणून थेट बुट्टीत. कोवळ्या घोळीची डाळ घालून भाजी छान होते, पण अंगणात कुठलंही औषध कधी मारलं असेल तर खाऊ नका. आणि तोडून बघा: देठातून पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, नायटी.

या बारक्या तणांवर कढत पाणी हा माझा आवडता उपाय. बंबात नाहीतर चुलीवर पाणी खळखळ उकळवा, लांब तोटीच्या किटलीनं फटीवर बारीक धारेनं ओता. दोन पानांवर असलेलं रोप लगेच मान टाकतं. चार-पाच दिवसांनी परत, मग आणखी एकदा. पेव्हर ब्लॉकच्या बारीक फटीत सळई जात नाही, तिथं याच्यासारखं दुसरं काही नाही. भाताची पेज, बटाटे उकडलेलं पाणी सुद्धा गरम आहे तोवर चालतं, मात्र मीठ घातलेलं नको. पायात बंद चपला घाला, आणि त्या वेळी आईंना आणि लहान मुलांना घरात बसवा. बेडूक, गांडुळं दिसली तर तेवढी फट सोडा.

खरी जिद्दी दोन: हरळी आणि लव्हाळा.

हरळी बाजूनं येते. कुंपणाकडची जमीन, तुळशीवृंदावनाभोवतालची माती, तिथून तिचे धागे फरशीखाली शिरतात आणि प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटतं. मधेच तोडली तर दोन्ही तुकडे जगतात. म्हणून हरळी उपटायची ती तिच्या येण्याच्या वाटेवर. फरशीच्या कडेला वीतभर खोल चर खणा, त्यातले पांढरे धागे वेचून काढा, आणि त्या चरात उभ्या विटा किंवा फुटक्या फरशीचे तुकडे उभे गाडा, वर दोन बोटं दिसतील असे. तिला ऊन लागतं, सावलीत ती मरगळते. काढलेली हरळी खतात टाकू नका. कुणाची गाय असेल तिला घाला, ती आनंदानं खाते.

लव्हाळा ओळखायचा असेल तर त्याचा दांडा दोन बोटांत फिरवा, तीन धारा लागतात. दिवाळीच्या उटण्यात घालतो तो नागरमोथा याच घराण्यातला. याच्या मुळाशी शेंगदाण्याएवढ्या काळ्या गाठी असतात, एकीला दुसरी जोडलेली. वरचं पातं ओढलं की पातं हातात येतं आणि गाठ खाली राहते. मग शेजारच्या झोपलेल्या गाठीही जाग्या होतात, एकाच्या जागी तीन येतात. तुम्ही म्हणता ना, उपटलं की परत तेवढंच, तो बहुतेक हाच असणार. यावर कढत पाण्याचा उपयोग नाही, गाठी खोल असतात. त्या दोन-चार फरशा आत्ता ओळखून खडूनं खूण करून ठेवा, आणि मेमध्ये उचला. खालची वीतभर माती खणून गाठी वेचा, उरलेली माती चाळून कडक उन्हात पंधरा दिवस पसरून ठेवा. गाठी वाळल्या की मरतात, त्यांना ऊन सोसत नाही. मग त्या खड्ड्यात मुरूम भरून धुम्मसानं ठोकून घट्ट करा आणि फरशी परत बसवा. कष्टाचं काम आहे, पण एकदाच करायचं.

गेटबाहेर कंपाउंडला लागून काँग्रेस गवत असेल, तुमच्या पत्रात नाही पण अनगोळात नसेल तर नवल. ते पुण्यात १९५५ च्या सुमाराला पहिल्यांदा दिसलं आणि आता आपल्या प्रत्येक रस्त्याच्या कडेला आहे. एका झाडाला हजारोंनी बी धरतं. फुलं यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट काढा. अंगाला खाज उठते, दमेकऱ्याला परागांचा त्रास होतो, म्हणून आईंना ते काम नको.

फटीत पिंपळ उगवला असेल आणि आई तोडू देत नसतील तर त्यांचं ऐका आणि लगेच काढा, दोन्ही जमतं. वीतभर असताना फरशी सैल करून मुळासकट काढा, कुंडीत लावा, पावसाळ्यात कुठल्यातरी देवळाच्या आवारात विचारून नेऊन लावा. उशीर केला तर तोच पिंपळ फरशी उचलेल.

आता दिवाळीनंतरचं. फटी कोरड्या झाल्या की काम धरा.

शहाबादीच्या फटी दीड इंच खोल खरवडून घ्या. सगळी माती, मुळं, जुना सुटलेला माल बाहेर. पाण्यानं धुवा. मग गवंड्याला म्हणा, एकास चार माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) करून दर्जा, म्हणजे फटीतला भराव, भर. दर्जा फरशीच्या पातळीला येऊ दे, वर फुगवू नको, आणि फरशीवर पडलेला माल ओल्या फडक्यानं लगेच पूस. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची जबाबदारी मुलावर द्या, तणनाशक आणलं त्यानं, आता हे कर म्हणावं. दर्जा भरायच्या आधी एक बादली पाणी ओतून उतार बघा. जिथं पाणी साचतं ती फरशी उचलून खाली वाळू कमी-जास्त करून घ्या, नाहीतर तिथं शेवाळ येणारच. झाडाच्या बुंध्याभोवती हातभर जागा दर्जाविना सोडा, मुळांनाही पाणी हवं.

अथणी, रायबागकडच्या काळ्या मातीतल्या वाचकांनी मात्र दर्जा भरायच्या आधी विचार करावा. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि सिमेंटचा दर्जा पहिल्याच वर्षी तडकतो. तिथं खाली जाड मुरूम आणि फटीत वाळूच बरी.

पेव्हर ब्लॉकच्या फटीत सिमेंट घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. ते ब्लॉक थोडे हलायलाच बनवलेले असतात, फटीतली वाळूच त्यांना एकमेकांत अडकवून धरते. तुमची फट दोन-चार मिलिमीटरची असेल. रव्यासारखी बारीक, पूर्ण वाळलेली, चाळलेली वाळू घ्या. नदीची वाळू मिळत नसेल तर एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालते, फक्त तिच्यातली पीठधूळ चाळून काढा, त्या धुळीतच तण रुजतं. कोरड्या दिवशी ब्लॉकवर वाळू पसरून कुंच्यानं तिरकी झाडत राहा, फटी भरतील. एक लाकडी फळी ठेवून तिच्यावर हातोड्यानं ठोका, वाळू खाली बसेल, मग परत भरा. महिन्यानं आणखी एकदा. आणि कडेचा दगडी काठ सुटला असेल तर तो आधी बांधून घ्या, काठ सुटला की ब्लॉक पसरतात आणि फटी रुंद होतात. गाडी धुवायचा तो जोराच्या पाण्याचा पंप ब्लॉकवर मारू नका, भरलेली वाळू एका मिनिटात बाहेर येते. ब्लॉकखाली प्लास्टिक अंथरलं तर तण येत नाही असं सांगणारे भेटतील. बी वरून पडतं हे त्यांना सांगा. प्लास्टिकनं पाणी तेवढं अडतं.

चिऱ्यांच्या वाटेला दर्जा नको. फटी मोकळ्या करून मुरूम ठोकून भरा, ओल खाली जाऊ द्या.

यानंतर रोज सकाळी झाडता त्या खराट्याला थोडा जोर द्या, एवढंच. नुकतं फुटलेलं रोप खराट्यानं मोडतं. वळवाचा पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की फटींवर एक नजर टाका, त्या वेळी जे उगवलंय ते चिमटीत निघतं. तेव्हा अर्धा तास दिलात तर श्रावणात पंधरा दिवस वाचतील.

राहिल्या आईंच्या दुर्वा. आईंचा हट्ट मला हट्ट वाटत नाही. त्यांनी त्या अंगणातून दरवर्षी एकवीस दुर्वांची जुडी खुडलीय. जिवतीच्या शुक्रवारी आघाडा-दुर्वांची माळ केलीय. तुम्ही तण म्हणता ते त्यांच्या पूजेचं आहे, आणि ते उपटायला निघालेली सून बघून त्यांना काय वाटत असेल याचा विचार करा. पण त्यांनाही सांगता येईल: फरशीच्या फटीतली दुर्वा चपलेखाली येते, गाडीचं तेल लागतं, ती देवाला कशी वाहणार? हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या नातवानं सांगितलं तर लवकर पटेल.

एक जुनं मोठं घमेलं किंवा सिमेंटची रुंद कुंडी घ्या. बुडाला भोकं, त्यावर विटांचे तुकडे, मग तांबडी माती आणि थोडं शेणखत. फटींतून काढताना सगळ्यात कोवळी, तीन पानी हरळी बाजूला ठेवा आणि आईंच्याच हातानं त्या कुंडीत लावा. ऊन भरपूर येईल अशी, वृंदावनाजवळ, पण मातीवर न ठेवता फरशीवर ठेवा. काठावरून धागे खाली लोंबले की कात्रीनं छाटा, जमिनीला टेकू देऊ नका. आत्ता लावलीत तर गणपतीपर्यंत खुडण्याजोगी होईल, रोज पाणी मात्र हवं. कुंडी कमरेच्या उंचीवर, जुन्या स्टुलावर ठेवलीत तर आईंना दुखऱ्या मनगटानं ओणवायलाही लागणार नाही. आघाड्याचं एक झाड मागच्या कोपऱ्यात राहू द्या, आणि गणपती झाले की त्याचं काटेरी बी साडीला चिकटायच्या आत कापून टाका.

आज एक्स-रे, उद्या आडाची वाट. खडूची खूण करायच्या फरशा मोजून मला कळवा. लव्हाळा दहाहून जास्त फरशांखाली असला तर मेमधल्या कामाची आखणी वेगळी करावी लागेल, ती मी लिहून पाठवीन.

– अक्का